डेस्कटॉप कॉम्प्युटरला ब्लूटूथ रिमोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना रिमोटबद्दलची विचारणा दर वर्षी वाढत गेलेली मी पाहिली आहे. गणपतीला आलेले चाकरमानी घरातला जुना डेस्कटॉप मोठ्या टीव्हीला जोडून देतात आणि जाताना एक रिमोट आईच्या हातात ठेवतात. होमस्टेवाल्यांना पाहुण्यांसाठी तेच हवं असतं. शाळेतल्या बाईंना पाठ चालू असताना दर वेळी टेबलापाशी परत यायचं नसतं. कुडाळ, मालवण, देवगड, राजापूर, थेट गुहागरपासून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टीव्हीचा कुठलाही रिमोट कॉम्प्युटरला चालतो का?

नाही. रिमोट तीन जातींचे असतात. पहिला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाने चालणारा. टीव्हीत तो प्रकाश टिपणारा सेन्सर असतो, डेस्कटॉपमध्ये सहसा नसतो. त्यामुळे वेगळा यूएसबी रिसीव्हर लावल्याशिवाय हा रिमोट निरुपयोगी. दुसरा २.४ गिगाहर्ट्झ रेडिओचा, ज्याच्यासोबत नखाएवढा रिसीव्हर मिळतो. बरेचसे एअर माऊस (हवेत हलवून चालवायचे माऊस) आणि शिक्षक पडद्यावरची पानं उलटायला वापरतात ते प्रेझेंटर या जातीचे. तो रिसीव्हर हरवला की रिमोटही गेलाच समजा. तिसरा ब्लूटूथ. त्याचीही लहर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलीच, पण भाषा सर्वांना ठाऊक असलेली, म्हणून ठरावीक रिसीव्हर लागत नाही.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा: कॉम्प्युटरच्या लेखी ब्लूटूथ रिमोट म्हणजे कमी बटणांचा कीबोर्ड. वरचा बाण दाबला की कीबोर्डवरचा वरचा बाण दाबल्यासारखं होतं, बस्स. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका वाक्यातून निघतात.

२. माझ्याकडचा रिमोट ब्लूटूथचा आहे हे कसं ओळखायचं?

रिमोटचं पुढचं टोक तळहाताने घट्ट झाका आणि ज्या टीव्हीचा किंवा बॉक्सचा तो आहे, त्यावर बाणाचं बटण चालवून बघा. चाललं तर तो रेडिओचा आहे. नुसता दुसरीकडे रोखून बघू नका, पांढऱ्या भिंतीवरून इन्फ्रारेड परत उसळतो आणि फसगत होते. दुसरी खूण माइकची. आवाजाने शोधायचं बटण असेल तर रिमोट जवळजवळ नक्कीच रेडिओचा, आणि बहुधा ब्लूटूथचाच.

फोनच्या कॅमेऱ्यातून रिमोटच्या टोकाला जांभळट प्रकाश दिसतो का, ही चाचणी बरेच जण करतात. ती पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने करा. मागचा कॅमेरा पुष्कळदा इन्फ्रारेड गाळून टाकतो. मात्र प्रकाश दिसला म्हणून रिमोट ब्लूटूथचा नाही असं ठरवू नका. अनेक रिमोट दोन्ही पद्धती वापरतात, त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

३. माझ्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ आहे का?

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. यादीत ब्लूटूथ नावाची ओळ असेल तर आहे. लॅपटॉपमध्ये ते बहुधा असतंच, डेस्कटॉपमध्ये मात्र बऱ्याचदा नसतं. जुळणी करून घेतलेल्या स्वस्त मशीनमध्ये तर क्वचितच. नसेल तर यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीच्या भोकात खोचायचा ब्लूटूथचा छोटा तुकडा, लावायचा, कॅबिनेट उघडायचीही गरज नाही.

४. डोंगल कुठला घ्यावा? महागडा घेतला तर जास्त लांबून चालेल का?

ब्लूटूथ ४.० किंवा त्यापुढचा घ्या. २०१० साली आलेल्या ४.० आवृत्तीत कमी वीज खाणारा 'लो एनर्जी' प्रकार आला आणि आजचे बहुतेक रिमोट त्याच प्रकाराने बोलतात. त्याआधीचा डोंगल अशा रिमोटला ओळखणारच नाही. रिमोटपुरतं बोलायचं तर ५.० किंवा ५.३ असल्याने हाताला फरक जाणवत नाही. पल्ला डोंगलच्या किमतीपेक्षा तो कुठे लावला यावर ठरतो (प्रश्न ७).

अगदी शंभर-दीडशेला मिळणारे बिननावाचे डोंगल मात्र टाळा. त्यांत नकली चिप असलेले पुष्कळ असतात. ते जोडणी दाखवतात आणि थोड्या वेळाने गप्प होतात. ओळखीच्या कंपनीचा साधा डोंगल चार-पाचशेच्या आसपास मिळतो, तेवढा खर्च करा.

५. जोडायचा कसा?

आधी रिमोटचा मूळ मालक, म्हणजे टीव्ही, टीव्हीत खोचायची स्टिक (फायर टीव्हीसारखी) किंवा सेट-टॉप बॉक्स, प्लगपासून बंद करा. ही पायरी लोक हमखास विसरतात. तो चालू असला तर रिमोट सवयीने त्याच्याकडेच धावतो आणि कॉम्प्युटरला सापडत नाही.

मग विंडोज १० किंवा ११ च्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या पानावर 'ॲड डिव्हाइस' आणि त्यातला 'ब्लूटूथ' हा पर्याय निवडा. आता रिमोट पेअरिंगला, म्हणजे नवी जोडणी करायला, लावा. फायर टीव्हीच्या रिमोटवर होम बटण दहा सेकंद दाबून धरतात. अँड्रॉइड टीव्हीच्या रिमोटवर बहुधा दोन बटणं एकत्र धरावी लागतात, कुठे होम आणि बॅक, कुठे होम आणि मेनू. नेमकी जोडी रिमोटच्या माहितीपत्रकात असते. दिवा भराभर लुकलुकू लागला की रिमोट तयार. यादीत नाव आलं की त्यावर क्लिक करा. पिन विचारला जात नाही.

मूळ बॉक्स पुन्हा चालू केल्यावर काय होतं, ते प्रश्न १५ मध्ये.

६. दिवा लुकलुकतो, पण यादीत रिमोटचं नाव येत नाही.

विंडोज ११ असेल तर आधी हे बघा: सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या पानावर, उपकरणांच्या यादीखाली 'ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी' असा पर्याय असतो. तो 'डिफॉल्ट'वर असताना विंडोज नेहमीची उपकरणंच दाखवतं. 'ॲडव्हान्स्ड' केलं की बाकीची पण दिसतात. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

तरी नाही दिसला तर रिमोटचे सेल बदला (दिवा लुकलुकतो म्हणजे सेल चांगले, असं नसतं), रिमोट डोंगलपासून एका हातावर धरा आणि पुन्हा प्रयत्न करा. अनेक रिमोट पेअरिंगमध्ये थोडाच वेळ थांबतात, म्हणून आधी कॉम्प्युटरवर शोध सुरू करायचा आणि मगच रिमोटची बटणं धरायची.

७. "रिमोट जोडलो जाता, पण खाटीर बसान चालणा नाय. जवळ जावचा लागता."

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. आणि सर्वांत वाईट वाटतं तेही याचंच, कारण या एका त्रासापायी लोक चांगले रिमोट टाकून देतात. साध्या ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे दहा मीटर धरतात. आपल्या घरातली खोली एवढी मोठी नसते. म्हणजे दोष बहुधा रिमोटचा नाही, वाटेतल्या अडथळ्यांचा आहे. मी तपासतो तो क्रम असा.

मदरबोर्डमध्येच वाय-फाय आणि ब्लूटूथ असेल तर कॅबिनेटच्या मागे आटे असलेली दोन पितळी रंगाची टोकं दिसतात. त्यांवर अँटेना लावायचा असतो. अनेक घरांत तो अँटेना खोक्यातच पडून असतो. वाय-फाय वापरायचं नाही म्हणून जुळणी करणाऱ्याने लावलेला नसतो, पण ब्लूटूथही त्याच अँटेनावर चालतं. त्याच्याविना रिमोट हातभर अंतरावरच चालणार. दोन्ही अँटेना हाताने फिरवून बसवा.

डोंगल असेल तर तो कुठे लावलाय ते बघा. कॅबिनेटच्या मागे लावला असेल तर रिमोट आणि डोंगल यांच्यामध्ये सगळा पत्रा आला. त्यातही निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल तर आणखी वाईट. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर लिहिलेलं आहे. उपाय साधा आहे: मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावा आणि डोंगल टीव्हीच्या वर किंवा बाजूला, उघड्यावर चिकटवा. शंभर-सव्वाशे रुपयांच्या केबलने जे होतं ते दोन हजारांच्या रिमोटने होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मग भिंत. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती जाड असतात, आणि जांभा पाणी धरून ठेवतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात शोषली जाते, म्हणून ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. एप्रिलमध्ये पडवीतून चालणारा रिमोट जुलैमध्ये माजघरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही, अशी तक्रार येते ती यामुळे असू शकते. डोंगल दाराच्या रेषेत आणा. माणसाचं शरीरही बहुतांशी पाणीच. मांडीखाली किंवा गोधडीत दाबलेला रिमोट नीट चालणार नाही.

शेवटचं कारण वाय-फाय राउटर. तोही २.४ वर असेल आणि डोंगलला खेटून असेल तर दोघांना थोडं लांब करा, शक्य असेल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्या. ब्लूटूथ गर्दीच्या वाहिन्या टाळत सतत जागा बदलत असतं, त्यामुळे एकटं वाय-फाय सहसा त्याला बंद पाडत नाही. पण वरच्या कारणांत भर घालतं.

८. थोडा वेळ वापरला नाही की पहिलं बटण वाया जातं. बिघाड आहे का?

नाही. सेल वाचवण्यासाठी रिमोट झोपी जातो. पहिल्या दाबाने तो जागा होऊन कॉम्प्युटरशी पुन्हा संधान बांधतो आणि तेवढ्यात तो दाब हरवतो. एखाद-दुसरा सेकंद जाणं रास्त आहे. पाच-दहा सेकंद लागत असतील तर डोंगलही झोपतोय असं समजा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ डोंगलच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण असते, ती काढा.

वेळ साधायची असेल तिथे, म्हणजे कार्यक्रमात किंवा आरतीच्या वेळी, काही सेकंद आधी एखादं निरुपद्रवी बटण दाबून रिमोट जागा करून ठेवावा.

९. बाण चालतात, पण आवाज कमी-जास्त होत नाही. ओके पण चालत नाही. होम दाबलं तर भलताच ब्राउझर उघडतो!

तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आवाज आणि पॉवर ही बटणं कित्येक रिमोटवर इन्फ्रारेडने थेट टीव्हीशी बोलतात, ब्लूटूथने जातच नाहीत. कॉम्प्युटरला ती ऐकू येत नाहीत आणि त्यावर उपाय नाही. टीव्ही त्याच कंपनीचा असेल तर उलट सोयच: बाणांनी कॉम्प्युटर चालवा, आवाज थेट टीव्हीचा बदला.

ओकेची गोष्ट वेगळी. काही रिमोट मधल्या बटणावर 'एंटर' पाठवतात, ते बिनतक्रार चालतात. काही मात्र 'मेनूतून निवडा' असा टीव्हीसाठीचा वेगळा संकेत पाठवतात आणि विंडोजला तो समजत नाही. लिनक्सला (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम) समजतो. हे बदलता येतं का, ते प्रश्न ११ मध्ये.

होमचा संकेत कॉम्प्युटर 'ब्राउझरचं मुख्य पान' असा वाचतो, म्हणून ब्राउझर उघडतो. बॅक बटण त्याच न्यायाने ब्राउझरमध्ये मागचं पान दाखवतं. प्ले-पॉज मात्र व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये सहसा नीट चालतं.

१०. माइकचं बटण दाबून कॉम्प्युटरशी बोलता येईल का?

नाही. रिमोटमधला आवाज टीव्हीच्या कंपनीने ठरवलेल्या खास पद्धतीने जातो, विंडोजला त्यात माइक दिसत नाही. आवाजाने शोधायचं असेल तर कॉम्प्युटरला वेगळा माइक लावा.

११. बटणांची कामं बदलता येतात का?

येतात, पण एका अटीवर: बटणाचा संकेत विंडोजपर्यंत पोचला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या पॉवरटॉईज या प्रोग्रामसंचात कीबोर्ड मॅनेजर आहे. त्यात 'नवीन' करून रिमोटचं बटण दाबा. त्याचं नाव उमटलं तर त्याला हवं ते काम देता येईल. होम बटणाला 'एस्केप' देऊन टाका, रोजच्या वापरात ते फार उपयोगी पडतं. याहून बारीक कामांसाठी, उदाहरणार्थ एका बटणाने ठरावीक फोल्डर उघडायला, ऑटोहॉटकी नावाचा प्रोग्राम वापरतात.

नाव उमटलंच नाही तर ते बटण इन्फ्रारेडचं आहे किंवा त्याचा संकेत विंडोज टाकून देतंय. अशा वेळी मी तासन्‌तास झगडण्याचा सल्ला देत नाही. मशीन फक्त सिनेमे-गाणी बघायलाच असेल तर त्यावर लिनक्स आणि कोडी हा सिनेमे-गाणी लावायचा प्रोग्राम टाका. कोडीची रचनाच बाण, ओके आणि बॅक एवढ्यावर चालण्यासाठी केलेली आहे, आणि बटणांची नेमणूक तिच्यातच बदलता येते. जुन्या डेस्कटॉपचं त्यात सोनं होतं.

१२. गणपतीत आरतीचे शब्द पडद्यावर दाखवतो. पान उलटायला कुठला रिमोट बरा?

टीव्हीचा नको. पॉवरपॉइंटमध्ये बाणांनी पानं उलटतात, पण टीव्हीच्या रिमोटवर चुकून होम दाबलं गेलं की ऐन 'घालीन लोटांगण'ला पडद्यावर ब्राउझर. अशा कामाला प्रेझेंटर घ्या. त्यावर मोजकी बटणं असतात: पुढे, मागे, सुरू आणि पडदा काळा करण्याचं. ती पेज-डाउन, पेज-अप, एफ-५ आणि बी या कळा पाठवतात, त्यामुळे पीडीएफ दाखवतानाही पुढे-मागे जाता येतं.

इथे मी ब्लूटूथचा हट्ट धरत नाही. प्रेझेंटर स्वतःच्या रिसीव्हरवर चालणारा असेल तर दुसऱ्याच्या मशीनला लावला की लगेच सुरू होतो, पेअरिंगची भानगड नाही. गावात एक दिवस मंडळाचा कॉम्प्युटर, दुसऱ्या दिवशी शाळेचा, असं असेल तर तोच सोयीचा. मशीन ठरलेलं असेल आणि यूएसबीची भोकं कमी पडत असतील तर ब्लूटूथचा. दोन्ही पद्धतींनी चालणारे प्रेझेंटरही मिळतात.

पैसे अगदीच कमी असतील तर सेल्फी काढायचा ब्लूटूथ शटर आजमावा. तोही कीबोर्डच, बटण दाबलं की 'आवाज वाढवा' किंवा 'एंटर' ही कळ जाते. एंटरने पॉवरपॉइंटचं पान पुढे सरकतं. मागे जाता येत नाही, पण आरत्यांच्या ठरलेल्या क्रमाला तेवढं पुरतं.

१३. रिमोटने कॉम्प्युटर चालू करता येईल का?

पूर्ण बंद केलेला, नाही. बंद मशीनवर ब्लूटूथ ऐकायला कोणी जागं नसतं.

झोपवलेला, म्हणजे स्लीपमधला, कधी कधी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या' ही खूण लावा, आणि बायोसमध्ये (मशीन चालू होताना, विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) 'ईआरपी' नावाचा वीजबचतीचा पर्याय असेल तर तो बंद करा, म्हणजे झोपेतही यूएसबीला वीज मिळेल. एवढं करूनही बरेच डोंगल उठवत नाहीत. रोज हेच हवं असेल तर रिसीव्हरवाला रिमोट जास्त भरवशाचा. तो यूएसबी कीबोर्डसारखा दिसतो आणि यूएसबी कीबोर्डने जागं होणं जवळजवळ प्रत्येक मशीनला जमतं.

१४. लाईट गेली की दर वेळी पुन्हा पेअर करावा लागतो का?

लागू नये. जोडणीची गुप्त किल्ली हार्ड डिस्कवर आणि रिमोटच्या चिपमध्ये साठवलेली असते, लाईट गेल्याने ती पुसत नाही. मशीन चालू झाल्यावर एखादं बटण दाबा, जोडणी परत येते. दर वेळी नव्याने करावी लागत असेल तर डोंगलवर संशय घ्या (प्रश्न ४). डोंगल बदललात तर मात्र एकदा पेअर करावंच लागेल, कारण रिमोटची ओळख जुन्या डोंगलशी होती.

पावसात लाईटचा खेळ चालूच असतो, म्हणून होमस्टेवाले विचारतात की लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू होईल का. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' असा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' करता येतो. पण यूपीएस नसेल तर करू नका. पाच मिनिटांत चार वेळा लाईट गेली-आली तर तेवढ्या वेळा डिस्कला झटका बसतो.

आणि साधा तारेचा कीबोर्ड घरात ठेवाच. बायोसच्या पडद्यावर ब्लूटूथ रिमोट साधारणपणे चालत नाही, विंडोज सुरू झाल्यावरच चालतो.

१५. एकच रिमोट टीव्हीच्या स्टिकला आणि कॉम्प्युटरला, दोन्हीकडे वापरता येईल का?

टीव्हीचे रिमोट साधारणपणे एकच जोडणी लक्षात ठेवतात. कॉम्प्युटरशी पेअर केला की स्टिकला विसरतो. परत तिकडे न्यायचा तर पुन्हा पेअरिंग. रोज असं करत बसू नका. घरात बिघडलेल्या स्टिकचा किंवा बंद केलेल्या कनेक्शनचा रिमोट पडून असतो, तो कॉम्प्युटरला कायमचा देऊन टाका. कनेक्शन कंपनीला बॉक्स परत करायचा असेल तर रिमोट त्यांचाच आहे, हे आधी बघून घ्या.

१६. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. एकीकडे जोडला की दुसरीकडे तुटतो.

रिमोटला डोंगल एकच दिसतो, पण किल्ली प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी बनवते. लिनक्समध्ये पेअर केलं की रिमोट नवी किल्ली ठेवतो आणि विंडोजकडची जुनी निकामी होते. एका सिस्टिममधली किल्ली काढून दुसरीच्या फायलीत लिहिणं हा उपाय आहे. जमतो, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या नोंदवहीत, हात घालावा लागतो. सवय नसेल तर दोन सिस्टिमसाठी दोन रिमोट ठेवा.

१७. शेजाऱ्याचा रिमोट आमच्या कॉम्प्युटरवर चालेल का? कोणी मुद्दाम त्रास देऊ शकतो का?

आपोआप नाही. जोडणी त्या रिमोटची त्या मशीनशीच असते. शेजारी तोच मॉडेल असला तरी. होमस्टेत चार खोल्यांत चार सारखे रिमोट असतील तरी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त कुठला कुठल्या खोलीचा हे मागे लिहून ठेवा. एका मशीनला दोन रिमोट जोडायलाही हरकत नाही.

मुद्दाम त्रास देण्याबद्दल: रिमोट कीबोर्ड असल्यामुळे ही काळजी योग्य आहे. २०१६ साली रिसीव्हरवाल्या कित्येक माऊस-कीबोर्डांत अशी त्रुटी उघड झाली, की लांबून कोणी खोट्या कळा पाठवू शकेल. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथच्या बाबतीतही अँड्रॉइड, लिनक्स आणि मॅकवर तशीच त्रुटी जाहीर झाली. तिचा इलाज अपडेटमध्ये आला, म्हणून अपडेट अडवून ठेवू नका. आणि जिथे बँकेचं काम होतं ते मशीन हॉलमधल्या टीव्हीला जोडूच नका.

१८. पावसाळ्यात रिमोट हमखास बिघडतात. काय करावं?

खारी, दमट हवा सर्वांत आधी सेलच्या स्प्रिंगवर बसते. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर सेल काढा, कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. ती पूड अंगाला-डोळ्यांना लागू देऊ नका. बटणं दाबूनही काम करत नसतील तर आतल्या रबराखालचे काळे ठिपके आणि पट्टीवरचे संपर्क त्याच अल्कोहोलने हलक्या हाताने साफ करावेत.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे घर बंद करून मुंबईला जाताना सेल काढून ठेवा. शिमग्याला कुलूप लावलेल्या घरात गणपतीपर्यंत रिमोटमधले सेल गळतात आणि आख्खा रिमोट खाऊन टाकतात. रिमोट घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवला तर उत्तमच. डोंगलही काढून त्याच बरणीत टाका.

१९. विंडोज ७ वर चालेल का?

लो एनर्जीचे रिमोट नाही. विंडोज ७ मध्ये त्याची सोयच नाही, ती विंडोज ८ पासून आली. जुन्या मशीनवर लिनक्स टाकणं हा मला पटलेला मार्ग आहे. विंडोज १० वर रिमोट नीट चालतो, पण त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे नवीन जुळणी करताना लक्षात घ्या.

२०. आतलं ब्लूटूथ अशक्त आहे म्हणून डोंगल लावला. आता काहीच नीट चालत नाही.

विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथ रेडिओशी नीट काम करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतला रेडिओ 'डिसेबल' करा, मशीन पुन्हा चालू करा आणि रिमोट नव्याने पेअर करा. पण आधी प्रश्न ७ मधला अँटेना बघा, कदाचित डोंगल लागणारच नाही.

२१. फोनच रिमोट म्हणून वापरला तर?

चालतो. व्हीएलसी किंवा केडीई कनेक्टसारख्या, फोनवरून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपची सोय फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असले की चालते. अँड्रॉइड ९ पासून फोन स्वतःला ब्लूटूथ कीबोर्ड म्हणून दाखवू शकतो, त्यासाठीचे ॲपही मिळतात. टाइप करायला फोन फार बरा. पण रोजच्या वापराला, विशेषतः वयस्क माणसांना, खरी बटणं असलेलाच रिमोट द्यावा.

२२. बाबा अंथरुणाला खिळलेत. त्यांना माऊस जमत नाही, हात थरथरतात. कीर्तनं आणि जुनी नाटकं डेस्कटॉपवर आहेत. रिमोटने त्यांना स्वतः लावता येतील का?

येतील. हे काम मी सर्वांत आनंदाने करतो.

कोडी टाका आणि ते मशीन चालू होताच आपोआप उघडेल असं ठेवा. आवडीच्या वीस-पंचवीस फायलींचं एकच फोल्डर करा, पहिल्या पडद्यावर तेच येऊ द्या, अक्षरं मोठी करा. रिमोट मोठ्या आणि उंच बटणांचा निवडा, चपटा-गुळगुळीत नको. बाण, ओके आणि बॅक सोडून बाकीच्या बटणांची कामं काढून टाका (प्रश्न ११), म्हणजे चुकीचं दाबलं तरी काही होत नाही. थरथरत्या हाताने एकाच बटणावर दोनदा दाब पडत असेल तर विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत 'फिल्टर कीज' आहे. पटापट आलेले दाब ते गाळतं. ओकेच्या बटणावर कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, अंधारातही बोटाला सापडतो.

डोंगल खाटेच्या बाजूने उघड्यावर आणा, कारण रिमोट पांघरुणात असणार. त्याला दोरी बांधून ती खाटेच्या दांडीला अडकवा, खाली पडला तर बाबांना ओढून वर घेता येईल. पहिले दोन दिवस शेजारी बसा, पण बटण त्यांनाच दाबू द्या.